कोऱ्या फाइलने पुसलेली प्रत: एफएसएक्सच्या सेटिंग्जचा फसलेला बॅकअप आणि त्याची दुरुस्ती

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे एफएसएक्स, २००६ साली आला. घरी बांधलेल्या अनेक कॉकपिटांत तो आजही चालतो, कारण त्याच्याभोवती वर्षानुवर्षे जमवलेली विमाने, सीनरी (विमानतळांची आणि भूप्रदेशाची दृश्ये) आणि जुळवलेली नियंत्रणे उचलून दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये सहज नेता येत नाहीत. या प्रकरणातला संगणक असाच होता. त्याचा बॅकअप रोज होत असे आणि नोंदवहीत एकही चूक दिसत नव्हती. तरीही एसएसडी बदलल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या सेटिंग्ज गेलेल्या होत्या, आणि त्या पुसल्या होत्या बॅकअपनेच.

मांडणी अशी होती. सी ड्राइव्हवर विंडोज १०, डी ड्राइव्हवर एफएसएक्स, ई ड्राइव्हवर वेगळी घेतलेली सीनरी. सीनरी लायब्ररीत मूळ नोंदींखेरीज ६२ जास्तीच्या नोंदी. यूएसबीवर एक योक (विमानाचे सुकाणू), रडर पेडलांचा एक संच आणि एकाच मॉडेलचे दोन थ्रॉटल क्वाड्रंट, म्हणजे इंजिन वगैरे नियंत्रित करणाऱ्या दांड्यांचे संच. रोज रात्री २ वाजता रोबोकॉपी या फाइलींच्या प्रती घेणाऱ्या विंडोजच्या साधनाची एक आज्ञा चाले. ती डॉक्युमेंट्समधला एफएसएक्सचा फोल्डर आणि ॲपडेटातला एफएसएक्सचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर मिरर करी, म्हणजे /एमआयआर हा पर्याय लावून. सी ड्राइव्हची एसएसडी वाचनात चुका द्यायला लागली म्हणून ती बदलायचे ठरले. सिम्युलेटर डी ड्राइव्हवर असल्यामुळे तो सुरक्षितच आहे, असे गृहीत धरले गेले. पहिली चूक इथेच झाली.

डी ड्राइव्हवर काय नसते

एफएसएक्स कुठल्याही ड्राइव्हवर बसवा, त्याच्या सेटिंग्ज सी ड्राइव्हवरच राहतात, आणि त्याही एका जागी नाही. वापरकर्त्याच्या ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एफएसएक्स या फोल्डरात एफएसएक्स.सीएफजी असते. दृश्याचे, रहदारीचे, आवाजाचे सगळे आकडे तिच्यात असतात. त्याच फोल्डरात डीएलएल.एक्सएमएल आणि ईएक्सई.एक्सएमएल असतात, सिम्युलेटरबरोबर कोणती मॉड्यूल आणि कोणते प्रोग्राम सुरू करायचे, ते या दोन सांगतात. कंट्रोल्स या उपफोल्डरातली स्टँडर्ड.एक्सएमएल म्हणजे कळफलक आणि जॉयस्टिकची सगळी जुळणी. कॅमेऱ्यांचे कोन कॅमेराज.सीएफजीत असतात.

सीनरी लायब्ररीची यादी मात्र इथे नसते. ती सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटा, मायक्रोसॉफ्ट, एफएसएक्स या फोल्डरात सीनरी.सीएफजी या नावाने असते. प्रोग्रामडेटा हा लपवलेला फोल्डर आहे, म्हणून तो हाताने बनवलेल्या बॅकअपच्या यादीत फार वेळा सुटतो. यात आणखी एक चकवा आहे. सिम्युलेटरच्या मूळ फोल्डरातही सीनरी.सीएफजी नावाचीच एक फाइल असते. ती फक्त मूळ नमुना असते, वापरात नसते. तिची प्रत घेऊन निर्धास्त झालेले बरेच जण आहेत.

साठवलेली उड्डाणे, उड्डाण आराखडे आणि लॉगबुक.बिन डॉक्युमेंट्समध्ये असतात. डी ड्राइव्हवरच्या मूळ फोल्डरात काही मोलाच्या गोष्टी असतात खऱ्या: विमानांच्या एअरक्राफ्ट.सीएफजी आणि पॅनेल.सीएफजीत हाताने केलेले बदल, आणि मॉड्यूल्स फोल्डरातली एफएसयूआयपीसी४.आयएनआय, म्हणजे नियंत्रणे जुळवणाऱ्या एफएसयूआयपीसी या जोड-प्रोग्रामची सेटिंग्ज-फाइल. सिम्युलेटर प्रोग्राम फाइल्समध्ये बसवला असेल, तर जुन्या ॲड-ऑननी, म्हणजे जोड-प्रोग्रामांनी, तिथे लिहिलेले काही बदल विंडोज गुपचूप ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात वळवते. मग फाइल प्रोग्रामला दिसते, पण मूळ फोल्डराच्या प्रतीत येत नाही. इथे डी ड्राइव्ह असल्यामुळे ही अडचण आली नाही.

या सगळ्या मजकूर-फाइली एकत्र केल्या तरी काही मेगाबाइटच होतात. दहा-वीस जीबीची सीनरी पुन्हा बसवता येते, पण स्टँडर्ड.एक्सएमएल कुठूनही डाउनलोड होत नाही.

त्या रात्री काय झाले

नव्या एसएसडीवर विंडोज बसल्यावर सर्वांत आधी रात्रीच्या कामाची नोंद टास्क शेड्युलरमध्ये परत घातली गेली. काळजी म्हणूनच. मग डॉक्युमेंट्सचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवरून परत आणला. ॲपडेटाचे दुसऱ्या दिवशी बघू, असे ठरले. पण सिम्युलेटर उघडतो का, हे पाहण्यासाठी तो एकदा सुरू केला गेला.

एफएसएक्सला एफएसएक्स.सीएफजी सापडली नाही की तो तक्रार करत नाही, मूळ आकड्यांची नवी फाइल लिहितो. स्टँडर्ड.एक्सएमएल नसेल तर तीही नवी बनवतो आणि ओळखलेल्या जॉयस्टिकला ठरावीक जुळणी देतो. सीनरी.सीएफजीचेही तसेच. ज्यांच्या सेटिंग्ज बिघडल्या आहेत त्यांना ही सोय उपकारक ठरते. 'सीएफजी पुसा आणि पुन्हा सुरू करा' हा सल्ला त्याच्यावरच उभा आहे. इथे मात्र त्यामुळे कुठलाच इशारा मिळाला नाही. सिम्युलेटर उघडला, विमान धावपट्टीवर उभे राहिले, सगळे ठीक वाटले.

रात्री २ वाजता मिररने आपले काम चोख केले. ॲपडेटातली कोरी एफएसएक्स.सीएफजी आणि कोरी स्टँडर्ड.एक्सएमएल नव्या तारखेच्या होत्या, म्हणून त्या बाहेरच्या डिस्कवरच्या जुन्या, खऱ्या फाइलींवर लिहिल्या गेल्या. डीएलएल.एक्सएमएल आणि ईएक्सई.एक्सएमएल या नव्या प्रणालीवर अजून नव्हत्याच. /एमआयआरचा अर्थ मूळ आणि प्रत तंतोतंत सारखे करणे, म्हणून त्या दोन्ही बाहेरच्या डिस्कवरून पुसल्या गेल्या. रोबोकॉपी असे पुसलेले रिसायकल बिनमध्ये टाकत नाही.

उड्डाणे आणि लॉगबुक मात्र शाबूत राहिली. डिस्क तीच होती, आज्ञाही तीच. फरक इतकाच की तो फोल्डर सिम्युलेटर पहिल्यांदा सुरू करण्याआधी परत आणला होता. आधी सगळ्या फाइली जागेवर ठेवायच्या, मग सिम्युलेटर उघडायचा, आणि तो पडताळल्यावरच बॅकअप चालू करायचा: हा क्रम पाळला असता तर पुढचे काही करावेच लागले नसते.

जुन्या एसएसडीतून काढणे

सुदैवाने जुनी एसएसडी पूर्ण मेलेली नव्हती. अशा डिस्कवरून विंडोज सुरू करू नये आणि तिच्यावर चेकडिस्कची (विंडोजच्या डिस्क-तपासणीची) दुरुस्ती चालवू नये, कारण दोन्ही गोष्टी तिच्यावर लिहितात. ती यूएसबी अडॅप्टरने दुसरी डिस्क म्हणून जोडली. आधी रात्रीचे काम शेड्युलरमध्ये बंद केले. त्यानंतरच डिस्कला हात लावला.

जुन्या वापरकर्त्याचा फोल्डर उघडताना परवानगी नाकारली जाते. नव्या विंडोजमधला वापरकर्ता नाव तेच असले तरी वेगळा धरला जातो. प्रशासक म्हणून उघडलेल्या खिडकीत रोबोकॉपीला /बी हा पर्याय दिला की तो बॅकअपच्या अधिकाराने ही आडकाठी ओलांडतो. सोबत /आर:१ आणि /डब्ल्यू:१ लिहिणे फार गरजेचे आहे. काही लिहिले नाही तर रोबोकॉपी वाचता न येणारी फाइल १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा वाचायला बघतो. मरणाऱ्या डिस्कवर त्याचा अर्थ कायमचे अडकणे. लहान आणि मोलाच्या फाइली आधी घ्याव्यात, मोठे फोल्डर नंतर.

स्टँडर्ड.एक्सएमएल, डीएलएल.एक्सएमएल, ईएक्सई.एक्सएमएल आणि प्रोग्रामडेटातली सीनरी.सीएफजी व्यवस्थित मिळाल्या. एफएसएक्स.सीएफजी मात्र वाचता आली नाही. ज्या फाइलीचा कधीच बॅकअप नव्हता ती सीनरी.सीएफजी मिळाली, आणि जिचा रोज होता ती गेली.

परत बसवण्याचा क्रम

सगळ्यांत आधी नव्या, कोऱ्या फाइली एका वेगळ्या फोल्डरात उचलून ठेवल्या. पुढे प्रत्येक तुलनेत त्या लागतात.

सिम्युलेटर डी ड्राइव्हवर जसाच्या तसा असला तरी इन्स्टॉलर पुन्हा चालवावा लागला. कारण सिमकनेक्ट. ॲड-ऑन मॉड्यूल ज्या दुव्याने एफएसएक्सशी बोलतात तो दुवा विंडोजच्या विनएसएक्सएस फोल्डरात बसतो, म्हणजे जुन्या सी ड्राइव्हबरोबर तो गेलेला असतो. ॲड-ऑनचे इन्स्टॉलर सिम्युलेटरची जागा रजिस्ट्रीत शोधतात, ती नोंदही गेलेली असते. नुसती रजिस्ट्रीची नोंद हाताने लिहून काही जण वेळ वाचवतात, आणि मग मॉड्यूल का चालत नाहीत याचा शोध घेत बसतात. इन्स्टॉलर आणि मग दोन्ही सर्व्हिस पॅक क्रमाने पूर्ण चालवून घ्यावेत.

सीनरी.सीएफजी सर्वांत सोपी ठरली. तिच्यात प्रत्येक क्षेत्राला क्रमांक, शीर्षक, फोल्डराचा पत्ता, चालू की बंद, आणि थराचा आकडा असतो. जितका थर मोठा तितकी ती सीनरी वर. नव्या विंडोजने सीनरीच्या डिस्कला ई ऐवजी एफ हे अक्षर दिले होते. ६२ पत्ते बदलण्यापेक्षा डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर परत ई केले. फोल्डर सापडला नाही तर एफएसएक्स सुरू होताना त्या क्षेत्राच्या क्रमांकासह चूक दाखवतो, म्हणून इथे काही राहिले तर लगेच कळते. प्रोग्रामडेटातल्या सीनरीइंडेक्सेस फोल्डरातल्या जुन्या अनुक्रमणिका आणू नयेत, सिम्युलेटर त्या नव्याने बनवतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून साठवताना एन्कोडिंग बदलू देऊ नये. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवतो, म्हणून मजकूर नव्या फाइलीत डकवण्याऐवजी जुनीच फाइल उघडून बदलावी.

डीएलएल.एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत विंडोज-१२५२ हे एन्कोडिंग लिहिलेले असते. त्यात देवनागरी अक्षरे नाहीत. वापरकर्त्याचे किंवा फोल्डराचे नाव देवनागरीत ठेवले असेल तर तो पत्ता या फाइलीत नीट लिहिताच येत नाही. सिम्युलेटरशी संबंधित नावे रोमन लिपीत ठेवलेली बरी. इथे दुसरीच भानगड होती. नवे विंडोज ऑनलाइन खात्याने बसवले होते, आणि अशा वेळी वापरकर्त्याच्या फोल्डराला ईमेलची पहिली ५ अक्षरे नाव म्हणून मिळतात. जुन्या फोल्डराचे नाव वेगळे होते. डीएलएल.एक्सएमएल आणि ईएक्सई.एक्सएमएल मधले त्या फोल्डराकडे जाणारे सगळे पत्ते तुटलेले होते.

या दोन फाइली एकदम घालू नयेत. प्रत्येक नोंदीत 'डिसेबल्ड' नावाचा टॅग असतो. सुरुवातीला सगळीकडे तो 'ट्रू' केला, पत्ते सुधारले, मग एकेक नोंद 'फॉल्स' करत प्रत्येक वेळी सिम्युलेटर उघडून पाहिला. वेळ लागतो, पण कुठले मॉड्यूल बिघडले आहे ते नेमके कळते. एखाद्या टॅगची शेवटची खूण लिहायची राहिली तर पूर्ण फाइलच वाचली जात नाही आणि एकही मॉड्यूल चालत नाही, तेही कुठल्याही संदेशाशिवाय. ॲड-ऑनचे इन्स्टॉलर आपली नोंद चुकीच्या जागी घालून हाच घोळ करतात. एफएसएक्स.सीएफजी कोरी असल्यामुळे प्रत्येक मॉड्यूल चालवायचे का, हा प्रश्न सिम्युलेटर पुन्हा विचारतो. दिलेल्या उत्तराची नोंद त्याच फाइलीत राहते, तेव्हा घाईने 'नाही' दाबू नये.

स्टँडर्ड.एक्सएमएल आणि दोन जुळे क्वाड्रंट

सर्वांत जास्त वेळ इथे गेला. या फाइलीत प्रत्येक उपकरणाचे नाव आणि त्याचा जीयूआयडी, म्हणजे विंडोजने त्याला दिलेला ओळखक्रमांक, लिहिलेला असतो. त्याखाली कोणता अक्ष काय करतो, संवेदनशीलता किती, निष्क्रिय पट्टा किती, कोणते बटण कशाला. नवे विंडोज नवे जीयूआयडी देते. जुनी फाइल तशीच ठेवली तर सिम्युलेटरला ही उपकरणे अनोळखी वाटतात. तो त्याच नावाच्या, पण ठरावीक जुळणीच्या नव्या नोंदी शेवटी जोडतो. पाहणाऱ्याला वाटते की जुनी फाइल परत आलीच नाही. ती आलेली असते, फक्त तिच्याकडे कोणी बघत नसते. उपकरण दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावल्यावरही कधी कधी हेच होते.

उपाय असा: सगळी उपकरणे आपापल्या कायमच्या पोर्टात लावायची, सिम्युलेटर एकदा उघडून बंद करायचा, नव्या फाइलीतून प्रत्येक नावासमोरचा जीयूआयडी टिपायचा, आणि जुन्या फाइलीत जुन्या जीयूआयडीच्या जागी तो घालायचा. 'सगळे बदला' वापरावे, कारण उड्डाणाच्या आणि स्ल्यूच्या (विमान न उडवता नुसते सरकवण्याच्या) विभागात तेच उपकरण वेगवेगळे नोंदलेले असते. एकाच ठिकाणी बदलले तर अर्धी जुळणी तुटते.

योक आणि पेडलांची नावे वेगळी असल्यामुळे ती दोन मिनिटांत झाली. दोन क्वाड्रंटची नावे मात्र अक्षरशः एकच. अदलाबदल झाली तर थ्रॉटलच्या दांडीने फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) हलतात. म्हणून एकच क्वाड्रंट जोडून, कंट्रोल्स फोल्डर रिकामा करून सिम्युलेटर सुरू केला. जी एकमेव नोंद आली ती त्या क्वाड्रंटची. जुन्या फाइलीत मात्र कुठला जीयूआयडी डावा आणि कुठला उजवा हे नावावरून कळत नव्हते. ते त्याखालच्या अक्षांवरून ओळखले. जिथे फ्लॅप होते तो उजवा.

एफएसयूआयपीसी४.आयएनआय डी ड्राइव्हवर असल्यामुळे वाचली होती. तिच्यात जॉयस्टिकना क्रमांकाऐवजी अक्षरे देण्याची सोय असते. ती आधीच चालू असल्यामुळे तिथे फक्त जॉयनेम्स विभागातले जीयूआयडी बदलावे लागले, बाकी सगळी बटणे जागेवर आली. ज्यांनी ही सोय अजून चालू केलेली नाही त्यांनी करावी.

अक्षांचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांच्या टोकांची आणि मध्याची मोजणी, यातल्या कुठल्याच फाइलीत नसते, ती विंडोजच्या रजिस्ट्रीत असते. चारही उपकरणे जॉय.सीपीएल या विंडोजच्या जॉयस्टिक-सेटिंगमधून पुन्हा कॅलिब्रेट केली.

एफएसएक्स.सीएफजी हाताने

ही फाइल मिळाली नाही याचे फार दुःख करू नये, विशेषतः ग्राफिक्स कार्डही बदलत असेल तर. कार्डाच्या नावाने तिच्यात वेगळा विभाग असतो आणि जुने विभाग साचत जातात. कोऱ्या फाइलीत मोजक्या ओळी घालणे जास्त स्वच्छ. ग्राफिक्स विभागात हायमेमफिक्स=१ आणि टेक्स्चर_मॅक्स_लोड (पृष्ठभागांच्या चित्रांचा कमाल आकार). मूळ आकडा १०२४ असतो, ४०९६ पर्यंत जाता येते. पण एफएसएक्स ३२-बिट आहे, त्याला ४ जीबीच्या वर पत्ताच देता येत नाही, आणि जड सीनरीवर ४०९६ ठेवल्यास मध्येच स्मृती संपते. इथे २०४८ ठेवले. टेरेन विभागात एलओडी_रेडियस (जमीन किती दूरपर्यंत बारकाईने दिसावी) ४.५ चे ६.५. चार कोअरच्या प्रोसेसरसाठी जॉबशेड्युलर विभागात अफिनिटीमास्क=१४, म्हणजे पहिला कोअर इतर कामांना मोकळा. हे सगळे सिम्युलेटर बंद असताना लिहावे, नाहीतर तो बंद होताना त्यावर आपले लिहून जातो. पुढे दृश्याच्या मेनूत काहीही बदलले की टेक्स्चर_मॅक्स_लोड पुन्हा १०२४ होते आणि एलओडी_रेडियस ४.५ वर येते. असे बदल झाल्यावर फाइल पुन्हा तपासावी.

नवा बॅकअप

/एमआयआर कायमचा काढला. आता /ई वापरून दर वेळी तारखेच्या नावाच्या नव्या फोल्डरात प्रत जाते. ॲपडेटा, प्रोग्रामडेटा, डॉक्युमेंट्स, मॉड्यूल्स फोल्डरातल्या आयएनआय आणि की फाइली, बदललेल्या विमानांच्या सीएफजी, आणि डायरेक्टइनपुटच्या कॅलिब्रेशनची रजिस्ट्री निर्यात: एवढे सगळे एका प्रतीत. आकार इतका लहान की शंभर प्रती राहिल्या तरी जागेची चिंता नाही. तारीख पॉवरशेलच्या गेट-डेटने वर्ष-महिना-दिवस अशी घ्यावी. बॅच फाइलीतली तयार तारीख विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून असते. तिच्यात तिरप्या रेघा असतील तर प्रत तारखेच्या एका फोल्डरात न जाता एकात एक फोल्डर बनत जातात.

प्रत घेण्याआधी दोन तपासण्या. एफएसएक्स चालू असेल तर थांबायचे. आणि फाइंडस्ट्र या विंडोजच्या शोधाच्या आज्ञेने एफएसएक्स.सीएफजीत हायमेमफिक्स शोधायचे. डीव्हीडीवर आलेल्या मूळ आवृत्तीच्या कोऱ्या फाइलीत ही ओळ नसते, ती हाताने घातलेली असते. ती सापडली नाही तर फाइल नव्याने बनलेली आहे असे धरून काम तिथेच थांबते आणि पडद्यावर सूचना येते. स्टीम या ऑनलाइन दुकानातून मिळणाऱ्या आवृत्तीत ही ओळ आधीच असते, तिथे खुणेसाठी आपण बदललेला दुसरा आकडा शोधावा. स्टीमची आवृत्ती जुन्या एफएसएक्सशेजारी बसवलेली असेल तर तिच्या फोल्डराचे नाव एफएसएक्स-एसई असते, हेही यादी बनवताना लक्षात ठेवावे.

रोबोकॉपीचा परतीचा आकडा वाचताना घोटाळा होतो: १ म्हणजे फाइली नीट उतरल्या, चूक नव्हे. ८ किंवा जास्त आला तरच अपयश. आज्ञेत ० सोडून सगळ्याला चूक धरले तर रोज खोटी धोक्याची घंटा वाजते आणि आठवड्याभरात कोणी तिच्याकडे पाहीनासे होते.

बॅकअप पडताळण्यासाठी ॲपडेटातला एफएसएक्स फोल्डर दुसऱ्या नावाने बाजूला ठेवला, ताजी प्रत त्या जागी आणली आणि सिम्युलेटर उघडला. योक, पेडल, दोन्ही क्वाड्रंट, मॉड्यूलचा मेनू आणि वरच्या थरातली एक सीनरी तपासली. दहा मिनिटांचे काम आहे. यूएसबी हबच्या प्रत्येक पोर्टावर आता क्रमांक चिकटवलेला आहे, आणि कोणत्या क्रमांकात कोणते उपकरण व त्याचा जीयूआयडी काय, हे लिहिलेली एक साधी मजकूर-फाइल प्रत्येक तारखेच्या फोल्डरात सोबत जाते.